तोफ ओढणारे घोडे रंगवणं (मिनिएचर वॉरगेमिंग)

ऐतिहासिक वॉरगेमिंगमध्ये टेबलावर जे छोटे सैनिक मांडतात त्यातला सगळ्यात वेळखाऊ प्रकार म्हणजे घोडे जुंपलेली तोफ. पुढे जोडीजोडीने चार किंवा सहा घोडे, मागे लिंबर म्हणजे दोन चाकांचा गाडा, आणि त्याला अडकवलेली तोफ, हे सगळं मिळून एक टीम. २८ मिमीमध्ये (सैनिकाची उंची साधारण तेवढी) सहा घोड्यांची टीम साधारण फूटभर लांब होते, म्हणून बरेच जण नुसती तोफ आणि गोलंदाज, म्हणजे तोफ चालवणारे सैनिक, रंगवतात आणि टीम राहूनच जाते. ती राहू नये असं मनापासून वाटतं. तोफ हलते जनावरांच्या जोरावर, ती मेली की तोफ तिथेच अडकते. असईच्या लढाईत (२३ सप्टेंबर १८०३) मराठ्यांच्या तोफांनी ब्रिटिश सेनापती वेलस्लीच्या तोफांचे बैल आणि गोलंदाज इतके टिपले की त्याला तोफा मागे सोडून पायदळ पुढे काढावं लागलं. टेबलावर टीमच नसेल तर हे कसं कळणार?

आणि हो, आपल्याकडच्या जड तोफा बहुतेक बैलच ओढायचे, त्यामुळे मराठा सैन्य करताना फ्रेंच सैन्याच्या मिनिएचर सेटमधले सहा घोडे सरळ जुंपून टाकू नयेत, बैलजोड्या शोधाव्यात.

युरोपात फ्रेडरिक द ग्रेटने १७५९ मध्ये घोड्यांवरचा वेगवान तोफखाना उभा केला, ब्रिटिशांची रॉयल हॉर्स आर्टिलरी १७९३ ची. फ्रान्समध्ये १८०० पर्यंत घोडे हाकणारे ठेकेदाराचे सिव्हिलियन असायचे, मग नेपोलियनने त्यांना सैनिक केलं. तोफेच्या आणि लिंबरच्या गाड्यांचे रंग देशावर ठरतात: फ्रेंच ऑलिव्ह हिरवा, ब्रिटिश राखाडी, ऑस्ट्रियन गेरूकडे झुकणारा पिवळा, प्रशियन निळा, रशियन हिरवा. लोखंडी पट्ट्या बहुतेक ठिकाणी काळ्या. ब्राँझची नळी चकचकीत सोनेरी ठेवू नये, तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) मारला की खरी वाटते.

घोडा हाच खरा कस. कुमैत घोड्याचं अंग तपकिरी पण आयाळ, शेपूट आणि पायांचा खालचा भाग काळा, आणि इथेच नवशिके पाय तपकिरी ठेवून मोकळे होतात. तांबड्या घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची. सहाही घोडे एकाच शेडचे केले तर खेळण्यातले दिसतात, एखाद्याच्या कपाळावर पांढरा पट्टा, एखाद्याचे मागचे पाय पांढरे, एवढं तरी करावं. अबलख (पांढरे पट्टे-ठिपके असलेला) मात्र टाळावा, तोफा ओढायच्या जनावरांत तो शोभत नाही. सगळ्यात छान रिझल्ट ऑइल पेंटने येतो: आधीच्या फिक्या रंगावर बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) लावायचा, थोडं थांबून स्पंजने पुसायचा, स्नायूंचा उठाव आपोआप दिसतो. घाई असेल तर काँट्रास्ट प्रकारचे पातळ रंग चालतात. स्वार कायम डावीकडच्या घोड्यावर बसतो, उजवीकडचा रिकामा, त्यामुळे स्वार वेगळे रंगवून शेवटी चिकटवलेले बरे, नाहीतर दोन घोड्यांच्या मधल्या भागात ब्रशच पोचत नाही. लगाम आणि ओढायचे दोर सगळ्यात शेवटी, बारीक तार किंवा मेण लावलेला दोरा वापरून.

ठाण्यात या सगळ्यात खरा शत्रू पाऊस. जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) बाल्कनीत मारला की दमट हवेने पृष्ठभाग खरखरीत आणि धुरकट होतो, म्हणून त्या दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमरच वापरावा, आणि ऑइलला वाळायला जास्त दिवस द्यावेत. नौपाड्यात स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे कॅमलचे अॅक्रिलिक रंग मिनिएचरखालची पाटी (बेस), चाकं, माती यांना झकास चालतात, बारीक कामाला मात्र वालेहोसारखे मिनिएचरचे रंग लागतात. इथल्या पोरांचा हात दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडून बसलेला असतोच, त्यामुळे एकदा टीम बघितली की ती लगेच हातात घेतात.

बेस करताना तोफ आणि लिंबर वेगळ्या बेसवर ठेवावेत, मग तोफ खाली उतरवून मांडता येते आणि रिकामी टीम मागे नेता येते, खेळाच्या नियमांनाही ते सोयीचं पडतं. ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी-नेरूळला गेमला जायचं असेल तर बेसखाली मॅग्नेट शीट आणि पत्र्याचा डबा, गर्दीतही लगाम तुटत नाहीत.