मूळ चित्रपट कुणी पाहिलाय? ‘स्टार वॉर्स’च्या वादाची पार्श्वभूमी

रंकाळ्याचा कट्टा असो की राजारामपुरीतला चहाचा गाडा, कोल्हापुरात ‘स्टार वॉर्स’ या हॉलिवूडच्या अंतराळपटांच्या मालिकेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “पहिले तीनच खरे, पुढं सगळी वाट लावली.” त्यावर दुसरा उसळून विचारतो, “भावा, तू ते पहिले तीन बघितलास कुठं?” प्रश्न रास्त आहे. आज तिशी-चाळिशीत असलेल्या इथल्या बहुतेक चाहत्यांना हे चित्रपट केबलवरच्या इंग्रजी चॅनेलवर, भाड्यानं आणलेल्या व्हीसीडीवर किंवा नंतर डीव्हीडीवर भेटले. आणि १९९७ नंतर जगभर जे दाखवलं गेलं, विकलं गेलं, ते जवळजवळ सगळं बदललेलं होतं. १९७७ साली प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट त्यात नव्हता.

हा वाद डिस्नेनं सुरू केला, किंवा मोबाइल हातात आल्यामुळे लोक भांडायला लागले, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. भांडणाची मुळं पार सुरुवातीपर्यंत जातात.

‘स्टार वॉर्स’चा कर्ता जॉर्ज लुकास याला खरं तर ‘फ्लॅश गॉर्डन’ या जुन्या साहसमालिकेवर चित्रपट करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यानं स्वतःचं विश्व रचलं. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या १९५८ सालच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’मध्ये थोरामोठ्यांची लढाई दोन भांडकुदळ सामान्य माणसांच्या नजरेतून दिसते, ती युक्ती लुकासनं उचलली आणि त्या दोघांच्या जागी दोन रोबो आणले. त्याच्या डोक्यातली दृश्यं काढून देईल अशी यंत्रणा कुठंच नव्हती. मग १९७५ मध्ये त्यानं ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ ही स्वतःची कंपनी काढली. जॉन डायक्स्ट्रा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथं असा कॅमेरा बसवला, की जो एकदा केलेली हालचाल पुन्हा पुन्हा अगदी तशीच करू शके. यान जागेवरच असायचं, कॅमेरा त्याच्याभोवती फिरायचा, आणि असे अनेक तुकडे एकावर एक छापून आकाशातली लढाई उभी राहायची. आवाजाचं काम बेन बर्टकडे होतं. प्रकाशाच्या तलवारीचा तो घुमणारा आवाज त्यानं जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीच्या गुणगुणीतून आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या खरखरीतून तयार केला.

पहिलं संकलन फसलं होतं. मार्शिया लुकास, पॉल हिर्श आणि रिचर्ड च्यू यांनी चित्रपट नव्यानं बांधला आणि त्यासाठी या तिघांना ऑस्कर मिळालं. फॉक्स कंपनीलाही भरवसा कमीच होता. २५ मे १९७७ ला अमेरिकेत तो अवघ्या ३२ चित्रपटगृहांत लागला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: तो तुफान चालला.

हे इतक्या विस्तारानं सांगायचं कारण असं, की चाहत्यांच्या मनातली दर्जाची मोजपट्टी इथंच तयार झाली. हातानं बनवलेली मॉडेल्स, पोचे पडलेली, तेलकट, रोजच्या वापरातली वाटणारी यानं, कुठंही न रेंगाळणारी कथा. पुढचा प्रत्येक भाग याच पट्टीनं मोजला गेला.

आणि मोजणी लगेचच सुरू झाली. इर्विन कर्शनरनं दिग्दर्शित केलेला १९८० चा ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आज या मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट मानला जातो. तेव्हा मात्र अनेक समीक्षकांनी त्याचं स्वागत कोमटच केलं होतं. नायक हरलाय, मित्र गोठवलेल्या अवस्थेत शत्रूच्या हाती गेलाय, आणि चित्रपट संपतो! अर्धवट गोष्टीचे पूर्ण पैसे घेतले, ही तक्रार तेव्हाची आहे. खलनायक व्हेडर खरंच नायक ल्यूकचा बाप की तो खोटं बोलतोय, यावर लोक पुढची तीन वर्षं भांडत राहिले.

१९८३ च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’नं उत्तर दिलं, पण नवा वाद आणला. अस्वलासारखे छोटे केसाळ ईवॉक दगड-लाकडांनी साम्राज्याच्या सैन्याला हरवतात, हे मोठ्या वयाच्या चाहत्यांच्या गळी उतरेना. ही पात्रं खेळणी विकण्यासाठी घातली, असा आरोप झाला. त्यामागे इतिहास होता. पहिल्या चित्रपटाच्या वेळी जास्त मानधन मागण्याऐवजी लुकासनं पुढच्या भागांचे आणि वस्तूंच्या विक्रीचे हक्क स्वतःकडे राखले होते. १९७७ च्या नाताळात खेळणी तयारच नव्हती, तर केनर कंपनीनं खेळणी नंतर पाठवण्याच्या वायद्याचं कार्ड घातलेली रिकामी खोकी विकली, आणि लोकांनी ती घेतली. हे पात्र कथेला हवंय की दुकानाला, ही शंका तेव्हापासून प्रत्येक गोंडस पात्राच्या मागे लागली आहे. २०१९ मध्ये टीव्ही मालिकेतून आलेला छोटा ग्रोगूही तिच्यातून सुटला नाही.

खरी फूट मात्र १९९७ मध्ये पडली. वीस वर्षं पूर्ण झाली म्हणून लुकासनं तिन्ही चित्रपट ‘स्पेशल एडिशन’ म्हणून पुन्हा प्रदर्शित केले. रंग उजळले, ध्वनी सुधारला, इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण संगणकानं तयार केलेले प्राणी रस्त्यांवर आले, गुंडांचा म्होरक्या जब्बा याचं गाळलेलं दृश्य परत आलं, आणि एका गुत्त्यातला छोटासा प्रसंग उलटा झाला. मूळ चित्रपटात तस्कर हान सोलो टेबलाखालून गोळी झाडतो आणि त्याला पकडायला आलेला ग्रीडो मरतो. नव्यात ग्रीडो आधी झाडतो, तेही समोर बसून नेम चुकवत. फरक एखाद्या सेकंदाचा असेल. पण हान हा आधी स्वतःचा जीव आणि फायदा बघणारा माणूस आहे, म्हणूनच शेवटी तो मित्रासाठी परत येतो तेव्हा त्याला किंमत आहे. त्याला सुरुवातीपासूनच सज्जन केलं, की त्याचा सगळा प्रवास पुसला जातो. हा आक्षेप मला शंभर टक्के पटतो.

बदल तिथंच थांबले नाहीत. २००४ च्या डीव्हीडीत दोघं जवळजवळ एकाच वेळी गोळी झाडतात. २०१९ मध्ये ग्रीडोच्या तोंडी एक नवाच शब्द आला. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी व्हेडरच्या आत्म्याच्या रूपात दिसणारा नट सेबॅस्टियन शॉ २००४ मध्ये काढून तिथं तरुण व्हेडर साकारणारा हेडन क्रिस्टेन्सन बसवला गेला. २०११ च्या ब्लू-रेमध्ये मुलाला वाचवताना व्हेडर ऐन वेळी ओरडू लागला. आधी त्या क्षणी तो गप्प होता आणि त्या गप्प राहण्यातच सगळं होतं. चाहत्यांना सर्वांत जास्त लागलं ते वेगळंच. याच लुकासनं १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना, नफ्यासाठी किंवा सत्ता गाजवण्यासाठी कलाकृती बदलणाऱ्यांना रानटी म्हटलं होतं. तेव्हा जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासण्याची लाट होती आणि तो मूळ कृतींच्या बाजूनं उभा राहिला होता. त्याचं ते भाषण चाहते आजही त्याच्याच पुढ्यात ठेवतात.

निर्मात्याला स्वतःची कृती बदलायचा हक्क आहे, असं म्हणणारे कोल्हापुरातही पुष्कळ आहेत. हक्क आहेच. पण जुनी कृती लोकांच्या हाताला लागू नये अशी व्यवस्था करण्याचा हक्क त्यात येतो का? आपल्या गावानं या प्रश्नाचा फटका सोसला आहे. बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला, की सेन्सॉरनं ते दृश्य कापायला लावलं. ‘सावकारी पाश’ त्यांनी १९२५ मध्ये मूकपट म्हणून केला, १९३६ मध्ये बोलपट म्हणून पुन्हा केला. दोन्ही शेजारी ठेवून कोणता सरस हे ठरवायला किती आवडलं असतं! पण त्या कंपनीचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, पण त्या कॅमेऱ्यानं टिपलेलं फारसं काही दाखवता येत नाही. ‘१९७७ ची प्रत जशी होती तशी द्या’ या मागणीला हेकटपणा म्हणणं म्हणून निदान कोल्हापूरकराला तरी शोभत नाही.

१९९९ मध्ये मूळ तीन भागांच्या आधीची गोष्ट सांगणारा ‘द फँटम मेनेस’ आला. नोव्हेंबर १९९८ मध्ये नुसती झलक बघायला अमेरिकेत लोकांनी दुसऱ्याच चित्रपटांची तिकिटं काढली होती आणि झलक संपताच ते उठून गेले होते. एवढ्या अपेक्षेपुढे सुरुवातीलाच व्यापारी मार्गांवरच्या कराचा वाद आला. ‘फोर्स’ नावाच्या ज्या शक्तीला आधी श्रद्धेचा आणि साधनेचा विषय मानलं होतं, ती आता रक्ताच्या तपासणीत मोजता येऊ लागली. संवाद लाकडी, पडद्यावर संगणकाची गर्दी. २००२ चा भाग तर फिल्मवर नव्हे, डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला होता. एवढ्या मोठ्या चित्रपटासाठी तेव्हा ते नवलाचं होतं. जुन्या चाहत्यांना यात ना मळलेलं जग दिसलं, ना हातांचं काम.

इथं कोल्हापूरचा अनुभव अमेरिकेपेक्षा वेगळा पडतो. इथल्या शाळकरी पोरांसाठी १९९९ ते २००५ चे चित्रपट हीच पहिली भेट होती. त्यांना आधी पुढे व्हेडर होणारा अनाकिन कळला आणि मग व्हेडर. बाप आधी, मुलगा नंतर. त्यामुळे ‘मी तुझा बाप आहे’ हा धक्का त्यांना बसलाच नाही. त्याऐवजी एका हुशार शिष्याचं गुरूच्या डोळ्यांदेखत वाया जाणं त्यांच्या मनाला भिडलं. ही मुलं मोठी झाली आणि २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ची बाजू मांडू लागली. जगभर असंच झालं. २००८ पासूनच्या ‘द क्लोन वॉर्स’ या ॲनिमेशन मालिकेनं त्या काळाला खोली दिली, आणि २०२५ मध्ये तो चित्रपट पुन्हा लागला तेव्हा लोकांनी गर्दी केली. मला त्या तीन चित्रपटांचं लेखन आजही कच्चं वाटतं. कथेची कल्पना मात्र मोठी होती, हे आता मान्य व्हायला हवं.

३० ऑक्टोबर २०१२ ला डिस्नेनं लुकासफिल्म सुमारे ४०५ कोटी डॉलरना घेतली. २०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स अधिकृत कथेतून बाजूला काढून ‘लेजेंड्स’ या नावाखाली ठेवली गेली. टिमथी झॅनच्या १९९१ च्या कादंबरीपासून ज्यांनी वीसेक वर्षं ही गोष्ट मनात जिवंत ठेवली, त्यांना परकं झाल्यासारखं वाटलं. २०१५ चा ‘द फोर्स अवेकन्स’ तुफान चालला, पण १९७७ चीच गोष्ट पुन्हा सांगितली असं म्हटलं गेलं. रायन जॉन्सनच्या २०१७ च्या ‘द लास्ट जेडाय’नं वेगळी वाट धरली, ल्यूकला हताश म्हातारा दाखवलं, तर निम्मे चाहते संतापले. २०१९ च्या भागानं त्यांची समजूत काढायला मेलेला सम्राट पाल्पटीन परत आणला आणि कुणाचंच समाधान झालं नाही. तीन भागांची आखणी आधी एकत्र झालीच नाही, हे या तिघांचं खरं दुखणं आहे. एकट्या जॉन्सनवर खापर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

या वादाची एक काळी बाजू सांगायलाच हवी. ‘द फँटम मेनेस’मधला जार जार बिंक्स साकारणाऱ्या अहमद बेस्टनं २०१८ मध्ये सांगितलं, की त्या काळच्या हेटाळणीनं तो जीव देण्याच्या विचारापर्यंत गेला होता. त्याच वर्षी ‘द लास्ट जेडाय’मधली अभिनेत्री केली मेरी ट्रॅन हिनं शिवीगाळीला कंटाळून इन्स्टाग्राम सोडलं. शाहू स्टेडियमवर आपल्याच पेठेच्या संघाला सर्वांत जास्त सुनावणारा माणूस एकही सामना चुकवत नाही, आणि त्याचं बोलणं खेळाडू समजून घेतात, कारण ते खेळाबद्दल असतं. या दोघांच्या वाट्याला आलेलं बोलणं खेळाबद्दल नव्हतं.

मूळ प्रत कुठं मिळते, तर २००६ मध्ये डीव्हीडीसोबत ती जादा चकती म्हणून निघाली होती, तीही जुन्या लेझरडिस्कसाठीच्या प्रतीवरून, धूसर. बाकीचं काम चाहत्यांनीच केलं: जुन्या फिल्म मिळवल्या, एकेक चौकट साफ केली. आता लुकासफिल्मनं १९७७ च्या मूळ आवृत्तीची जीर्णोद्धार केलेली प्रत पन्नाशीनिमित्त चित्रपटगृहांत आणायचं जाहीर केलंय. अमेरिकेसाठी तारीख आहे १९ फेब्रुवारी २०२७. त्या दिवशी शिवजयंती, म्हणजे तेव्हाच ती इथंही लागली तर कोल्हापुरात पहिल्या खेळाला कुणाला जमणार नाही. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढा, आणि हान काय करतो ते आधी बघा. मग भांडू.