इंग्लंडच्या कालव्यांवर स्वतःची बोट: परवाना कसा काढावा

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे कालवे व नद्या २०१२ पासून ‘कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट’ ही धर्मादाय संस्था सांभाळते, आणि या पाण्यावर स्वतःची बोट ठेवायची तर संस्थेचा परवाना लागतो. हा परवाना बोट पाण्यावर ठेवण्याचा असतो, ती चालवण्याचा नव्हे. खासगी बोट चालवणाऱ्याकडे मोटारीसारखे लायसन्स असण्याची अट नाही. सुटीपुरती नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, भाड्याने घेणाऱ्यांना यातले काहीच करावे लागत नाही, कारण बोटीचा परवाना भाड्याने देणाऱ्या कंपनीने काढलेला असतो.

अर्ज ऑनलाइन भरता येतो, परंतु त्याआधी दोन कागद हाताशी असावेत. पहिला म्हणजे तृतीय पक्षाच्या नुकसानीचा किमान २० लाख पौंडांचा विमा. दुसरा ‘बोट सेफ्टी स्कीम’चा दाखला, जो तपासणीनंतर मिळतो व चार वर्षे चालतो. तपासनीस इंधनाची टाकी, वायरिंग, अग्निशामके आणि मुख्यतः गॅसची जोडणी पाहतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो बोटीच्या तळाशी साचून राहतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंदिस्त असावा आणि त्याच्या तळाचे छिद्र थेट बाहेर पाण्याकडे उघडावे, अशी अपेक्षा असते. राहण्याची सोय असलेल्या बोटीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्रही लागते.

खरी अडचण येते ती बोट कुठे बांधणार या प्रश्नापाशी. ‘होम मूरिंग’, म्हणजे बोट कायम बांधून ठेवण्याची कायदेशीर जागा, असल्यास अर्जात तिचा उल्लेख करावा. ती नसल्यास ‘कंटिन्युअस क्रूझिंग’चा, म्हणजे सतत फिरत राहण्याचा, पर्याय निवडावा लागतो. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशी बोट खरोखर प्रवासासाठीच वापरली जावी आणि सबळ कारण नसताना एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. मूरिंगचे भाडे वाचते म्हणून अनेकांना हा मार्ग सोपा वाटतो, पण दर पंधरवड्याला त्याच दोन पुलांमधून मागेपुढे करत राहणे म्हणजे प्रवास, असे संस्था मानत नाही. शिवाय २०२४ पासून या पर्यायावर अधिभार लागू झाला असून तो दरवर्षी वाढवण्याचे ठरले आहे. नोकरी किंवा मुलांची शाळा एकाच गावी असणाऱ्यांनी, माझ्या मते, आधी मूरिंग शोधावे आणि मगच बोट शोधावी.

शुल्क बोटीच्या लांबी-रुंदीवर ठरते. बोट फक्त नद्यांवरच ठेवायची असेल, तर त्यासाठी वेगळी, स्वस्त नोंदणी आहे. लंडनजवळच्या टेडिंग्टनच्या वरच्या अंगाची थेम्स नदी मात्र एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेच्या आणि नॉर्फोकचे ‘ब्रॉड्स’, म्हणजे नद्या व उथळ तळ्यांचे जाळे, ब्रॉड्स अथॉरिटीच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तिथली नोंदणी स्वतंत्र असते. ट्रस्ट आणि एजन्सी या दोघांच्याही पाण्यात फिरणाऱ्यांसाठी ‘गोल्ड लायसन्स’ हा एकत्रित परवाना आहे.

जुनी बोट विकत घेताना सुरक्षेचा दाखला बोटीसोबत येतो, पण विक्रेत्याच्या नावचा परवाना येत नाही. तो नव्या मालकाला स्वतःच्या नावाने नव्याने काढावा लागतो, मग खिडकीला जुन्या परवान्याचा कागद चिकटवलेला दिसत असला तरीही.