बिजिनेलीची अभिक्रिया, पाषाणची प्रयोगशाळा आणि उरलेला कचरा

रक्तदाबाची अम्लोडिपिन, जुलाबावरची मेट्रोनिडाझोल, ॲसिडिटीची ओमेप्राझोल. पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये रोज खपणाऱ्या या गोळ्यांच्या रेणूंत एक साम्य आहे: कार्बनच्या कड्यात मध्येच नायट्रोजन बसलेला असतो. औषधांमध्ये अशा विषमचक्रीय संयुगांचा भरणा मोठा. ती बनवताना काय फेकून द्यावे लागते, याची चौकशी मात्र बरीच उशिरा सुरू झाली.

खरे तर सुरुवात वाईट नव्हती. १८८० च्या दशकात जर्मनीत हान्च यांनी अल्डिहाइड, ॲसिटोॲसिटेट आणि अमोनिया एकाच भांड्यात घेऊन डायहायड्रोपिरिडीन मिळवले; अम्लोडिपिन त्याच घराण्यातली. १८९१ मध्ये इटलीच्या पिएत्रो बिजिनेली यांनी बेन्झाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया थोड्या आम्लासह अल्कोहोलमध्ये उकळून असेच नायट्रोजनचे कडे मिळवले. बाहेर पडते ते फक्त पाणी. कागदावर हिशेब केला, तर तिन्ही घटकांच्या वस्तुमानापैकी सुमारे ८८ टक्के उत्पादनात जाते. प्रत्यक्षात उतारा कमी यायचा, म्हणून ही पद्धत बरीच वर्षे मागे पडली. विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने रेणू बांधण्याची रीत रुळली आणि प्रत्येक टप्प्याला नवा द्रावक लागू लागला.

१९८४ च्या भोपाळनंतर रसायन उद्योगाकडे बघण्याची नजर बदलली. १९९१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी घातलेल्या अणूंपैकी किती कामी आले, हे मोजायला सांगितले. पुढच्याच वर्षी रॉजर शेल्डन यांनी दाखवले की औषधउद्योगात एका किलो मालामागे २५ ते १०० किलो कचरा निघतो. ॲनास्टस आणि वॉर्नर यांची हरित रसायनशास्त्राची (‘ग्रीन केमिस्ट्री’ची, म्हणजे कमी कचरा करणाऱ्या रसायनशास्त्राची) १२ तत्त्वे १९९८ ची. माझ्या मते शेल्डनचा आकडाच जास्त बोचरा ठरला.

पुण्यातल्या पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासूनची. तिथून २००४ मध्ये बिजिनेलीचीच अभिक्रिया आयनिक द्रवात (नुसत्या आयनांच्या, द्रवरूप क्षारात), ध्वनितरंगांच्या मदतीने, साध्या तापमानाला केल्याचा शोधनिबंध आला. मायक्रोवेव्ह, लिंबाचा रस, द्रावकाशिवाय खलात घोटणे असे प्रयोग देशभर झाले. खलातला प्रकार बघण्यासारखा असतो: कडू बदामाच्या वासाचा लगदा घोटता घोटता घट्ट होतो, मग गार पाण्याने धुवायचा आणि गरम इथेनॉलमधून स्फटिक काढायचे.

स्फटिक सहज पडले तर ठीक, नाहीतर सगळे कॉलमवर, म्हणजे सिलिकाची पूड भरलेल्या नळीवर, चढवून द्रावक ओतत वेगळे करावे लागते. ‘पाण्यात केलेली’ अभिक्रियेतला माल मग इथाइल ॲसिटेट या द्रावकाने ओढून काढतात, सिलिकावरून उतरवतात आणि वेस्टचा कॅन भरतो. शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘ग्रीन’ असते, कॅनचा उल्लेख सहसा नसतो. आयनिक द्रवांचेही तसेच: टेट्राफ्लुओरोबोरेट असलेले द्रव पाण्याशी हळूहळू विघटन पावून हायड्रोजन फ्लुओराइड हे विषारी, दाहक संयुग सोडू शकतात. कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतीत तर पहिला सवाल द्रावक परत किती मिळतो हाच, कारण तिथे तो लिटरने नाही, टँकरने येतो.