पातेल्यांचा आवाज आणि भीतीचं गणित

‘साडेतीन टक्के जनता रस्त्यावर आली की सरकार पडतंच’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो, जणू पाणी १०० अंशांना उकळतं तसाच हाही निसर्गनियम. ज्यांच्या अभ्यासातून हा आकडा आला, त्या एरिका चेनोवेथ यांनीच बहारीनसारखे अपवाद दाखवून तो नियम नसल्याचं बजावलंय. आकड्यापेक्षा खरी गंमत आहे ती माणसं एकामागून एक कशी उठतात यात.

१९७८ साली समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी एक साधं प्रारूप मांडलं. चौकात शंभर माणसं आहेत. पहिला कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्याला आधी एक जण उठलेला दिसायला हवा, तिसऱ्याला दोन, असं करत शेवटच्याला नव्याण्णव. पहिला उठला की सगळा चौक उठतो. आता दुसऱ्याच्या जागी ‘दोघं उठले तरच मी’ म्हणणारा आणून बसवा. पहिला एकटाच ओरडत राहील! सरासरी राग जवळपास तोच, निकाल मात्र उलटा. आधी किती जण उठलेले दिसले की आपण उठणार, हा ज्याचा त्याचा ‘उंबरठा’. आलेखाच्या भाषेत, उठलेल्यांचं प्रमाण x आणि x किंवा त्याहून कमी उंबरठा असलेल्यांचं प्रमाण F(x) मानलं, तर F(x) = x जिथे होतं तिथे गर्दी थांबते. हा वक्र जरासा सरकला तरी छेदबिंदू कुठल्या कुठे जातो.

चिलीत १९८३ साली नेमकं हेच सरकवलं गेलं. पिनोशेच्या लष्करी राजवटीला दहा वर्षं होत आली होती. रोडोल्फो सेगेल यांच्या नेतृत्वाखाली तांब्याच्या खाणकामगारांनी ११ मेला संपाची हाक दिली. सैन्याने खाणींना वेढा घातला. तेव्हा संप मागे घेऊन वेगळंच आवाहन झालं: काम सावकाश करा, गाड्या हळू चालवा, मुलांना शाळेत पाठवू नका आणि रात्री आठला घरातूनच भांडी वाजवा. अंधारात नेमकं कोण वाजवतंय हे पोलिसांना कळणं कठीण, म्हणजे धोका कमी. आणि शेजारीही वाजवतायत हे प्रत्येकाला ऐकू येतं. संपात नोकरी जाण्याची भीती होती आणि बाकीचे येणार का, याचा पत्ता नव्हता.

(भांडी कुणा एका पक्षाची नव्हेत. १९७१ मध्ये चिलीतच ती डावे राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांच्याविरुद्ध वाजली होती, आणि महागाईविरोधात मुंबईच्या बायकांनीही थाळ्या वाजवल्या आहेत. पण २०२० मध्ये त्या नादाने विषाणू मरतो म्हणणाऱ्यांचं काय करावं? नादाने फक्त शेजारी जागा होतो.)

१९८६ मध्ये पिनोशेवरचा सशस्त्र हल्ला फसला आणि दडपशाही वाढली. विरोधकांतल्या मोठ्या गटाने १९८८ च्या ‘पिनोशेने सत्तेत राहावं का, हो की नाही’ या सार्वमतासाठी मतदार नोंदणीवर जोर दिला. गुप्त मतदानात उंबरठा जवळपास शून्यावर येतो, पण मोजणी सरकारच्या हातात. म्हणून त्यांनी स्वतःची समांतर मोजणी उभी केली. ५ ऑक्टोबरला सुमारे ५६ टक्के मतं ‘नाही’च्या बाजूने पडली, आणि त्या रात्री पिनोशेने हार मानण्याआधीच हवाईदल प्रमुख मातेई यांनी पत्रकारांना ‘नाही’ जिंकल्याचं सांगून टाकलं.