हीटरचं बटण आम्ही का लावून देत नाही

जुन्या डिझेल गाड्यांच्या मालकांसाठी माहितीपत्रक

दिवाळी झाली की आमच्या गॅरेजला एकाच प्रकारचे फोन सुरू होतात. "सकाळी गाडी स्टार्ट घेत नाही. हीटरचं एक बटण टाकून द्या, कितीसा वेळ लागणार?" हे बटण दाबून धरलं की इंजिनातल्या हीटर प्लगना, म्हणजे गार इंजिन उठायला मदत करणाऱ्या विजेच्या कांड्यांना, वीज मिळते. बटण लावायला वेळ अर्धा तासच लागतो, तरी आम्ही नाही म्हणतो. काही जण रागावतात आणि दुसरीकडून बटण लावून घेतात. त्यातले बरेच जण जानेवारीत पुन्हा आमच्याकडे येतात, आणि तोवर काम अर्ध्या तासाचं उरलेलं नसतं. प्रत्येकाला फोनवर सगळं समजावता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

आधी गाडी कोणती ते पाहू. जुनी ट्रॅक्स, मॅटाडोर, सुरुवातीची सुमो, प्यूजो इंजिनाची महिंद्रा अशा गाड्यांबद्दल आम्ही बोलतो आहोत. ट्रॅक्समधलं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं. आपल्या आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ते वर्षानुवर्षं बनवलं (२००५ पासून कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं). नीट सांभाळलेलं असेल तर आजही ते दणकट चालतं. या इंजिनांत डिझेल थेट पिस्टनवर न पडता हेडमधल्या (इंजिनाच्या वरच्या भागातल्या) एका छोट्या कप्प्यात पडतं. हवा एकवीस पट दाबली की ती तापते, पण गार इंजिनात त्या कप्प्याच्या भिंतीच ती उष्णता पिऊन टाकतात. म्हणून कप्प्यात हीटर प्लगचं टोक लाल झालेलं असावं लागतं. थेट इंजेक्शनच्या बऱ्याच मोठ्या इंजिनांना हीटर प्लग नसतातच. त्यामुळे फोन करताना मॉडेल आणि साल सांगा, उगाच हेलपाटा पडणार नाही.

पुण्यात कसली आली थंडी, असं काही जण म्हणतात. पाषाणला, हवेलीत, एनडीएच्या बाजूला थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो. जुन्नर-मंचरहून भाजी भरून रात्री तीनला मार्केट यार्डाकडे निघणाऱ्याला ती चांगलीच कळते.

आता बटणाकडे येऊ. चार प्लग मिळून सुरुवातीला ८० ते १०० अँपिअर ओढतात आणि तापल्यावर ४०-५० वर स्थिरावतात. डॅशबोर्डवरच्या साध्या बटणाचा हा घास नाही. त्याच्या संपर्कात नुसता ०.०५ ओहमचा अडथळा असला, तरी ४० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच जातात आणि बटणाच्या पोटात ८० वॉटची शेगडी पेटते. वितळलेली बटणं आणि भाजलेल्या वायरी आमच्याकडे डबाभर आहेत. उरलेले १० व्होल्ट प्लगला मिळाले, तर १२ व्होल्टच्या मानाने त्याची उष्णता जवळपास तीस टक्क्यांनी घटते. मग गाडी उचलत नाही आणि ड्रायव्हर बटण आणखी दाबून धरतो.

खरी नासाडी इथून सुरू होते. जुन्या एका कॉइलच्या (आत तापणाऱ्या तारेची एकच गुंडाळी असलेल्या) प्लगला लाल व्हायला २५-३० सेकंद लागतात, पण लाल झाल्यावर थांबायचं त्याला कळत नाही. वीज आहे तोवर तो तापतच राहतो. चार प्लग समांतर जोडलेले असतात, त्यामुळे एक मेला तरी कोणाला पत्ता लागत नाही. तीन सिलिंडरवर गाडी खोकत उठते, पांढरा धूर सोडते आणि मिनिटभरात चौथाही चालू होतो. पुढच्या आठवड्यात तीसऐवजी चाळीस सेकंद दाबावं लागतं, मग मिनिट. हे जादा सेकंद मेलेल्या प्लगला लागत नाहीत, ते चांगल्या तिघांना भाजतात. दुसरा जातो, तिसरा जातो, आणि टोकं फुगतात.

फुगलेलं टोक आलं त्याच भोकातून बाहेर येत नाही. रस्त्याकडेला कोणीतरी पान्याला पाइप लावून जोर करतं. प्लग मधूनच तुटतो, टोक आत राहतं आणि हेड उतरवावं लागतं. दोन हजारांत आटोपणारं काम असं दोन-तीन दिवस गाडी उभी करतं. गेल्या थंडीत नारायणगावचा एक टोमॅटोचा टेम्पो ऐन हंगामात चार दिवस आमच्या शेडमध्ये उभा होता. मालकाने रोज दुसरी गाडी भाड्याने घेतली. बटण लावायला त्यांना लागले होते दोनशे रुपये.

हे आम्ही तोऱ्यात सांगत नाही. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीही बटणं लावून द्यायचो. गिऱ्हाईक मागतं आणि काम झटपट होतं, म्हणून. तीच माणसं दोन हिवाळ्यांनी तुटके प्लग घेऊन आली तेव्हा आम्ही ते बंद केलं.

त्याऐवजी आम्ही काय बसवतो? बॅटरीपासून थेट १० चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये ८० अँपिअरचा पट्टी फ्यूज, या भारासाठीच बनवलेला रिले (थोड्या विजेवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि पाण्याचं तापमान पाहणारा टायमर. किल्ली फिरवली की डॅशवर कॉइलचा दिवा लागतो. इंजिन गार असेल तर तो जास्त वेळ राहतो, गरम असेल तर लगेच विझतो. दिवा विझला की सेल्फ मारायचा. सेल्फ चालू असताना आणि गाडी उठल्यावरही काही काळ, इंजिनाच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन मिनिटांपर्यंत, प्लग चालू राहतात. त्यामुळे सकाळचा पांढरा धूर आणि ठोक्यांचा आवाज कमी होतो. बॅटरीलाही आराम, कारण सेल्फ कमी वेळ मारावा लागतो.

बॅटरीच्या मायनसपासून इंजिनापर्यंतची अर्थिंगची पट्टीही आम्ही त्याच वेळी पाहतो. कित्येक जुन्या गाड्यांत ती हिरवी पडून अर्धी तुटलेली असते. ती बदलल्यावर सेल्फचा वेगही वाढतो, आणि गार इंजिनाला वेग हवाच असतो.

टायमर बसवताना सगळ्यात जास्त होणारा वाद म्हणजे, "प्लग परवाच टाकलेत, चारही नवे आहेत. ते राहू द्या, फक्त टायमर बसवा." तुमची तळमळ आम्हाला कळते, नवी वस्तू काढून टाकायला जिवावर येतं. पण गाडी चालू झाल्यावर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) १४ व्होल्ट देतो. त्या वेळी प्लग चालू राहणार असतील, तर ते दोन कॉइलचेच हवेत. त्यातल्या दुसऱ्या कॉइलचा रोध तापल्यावर वाढतो आणि करंट आपोआप उतरतो. ते लाल व्हायलाही दहा सेकंदांच्या आत होतात. जुन्या पद्धतीचे प्लग या टायमरवर ठेवले, तर रोज सकाळी त्यांना १४ व्होल्टवर दोन-तीन मिनिटं भाजल्यासारखं होईल. एक थंडीसुद्धा ते काढणार नाहीत, आणि दोष टायमरला लागेल. दिसायला दोन्ही प्लग सारखे, आटेही सारखे, म्हणून फसायला होतं. अंगावर छापलेले व्होल्ट आणि पार्ट नंबर वाचा. तुमचे प्लग दोन कॉइलचे, त्याच व्होल्टचे आणि चारही एकाच बनावटीचे असतील, तर ते आम्ही मोजून तसेच ठेवतो, त्याचे पैसे लावत नाही. तीन एका बनावटीचे आणि एक दुसऱ्या, अशी खिचडी मात्र चालणार नाही.

काही फार जुन्या इंजिनांत दोन टोकांचे प्लग दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक गेला की सगळेच बंद. त्यांना समांतर प्लगांवर आणता येतं, पण वायरिंग पूर्ण नवं करावं लागतं. त्याचा अंदाज गाडी पाहिल्याशिवाय देत नाही.

टायमर बसवून झाल्यावर हमखास एक विनंती येते: "जुनं बटण असू द्या हो, अडीनडीला." तेही आम्ही काढतो. बटण दिसलं की ड्रायव्हरचा अंगठा सवयीने तिकडे जातो. दिवा विझलेला असतानाही तो तीस मोजतो. टायमरने जेवढं जपायचं ठरवलेलं असतं, तेवढं बटण उधळतं. आम्ही बसवलेल्या प्लगवर वर्षाची हमी देतो. नंतर कोणी बटण जोडलेलं दिसलं तर ती संपते. अडीनडीसाठी गाडीत एक जादा फ्यूज आणि एक जादा रिले ठेवा. दोन्ही आमच्याकडे मिळतात आणि बदलायला पाच मिनिटं पुरतात. ते कसं करायचं, हे गाडी ताब्यात देताना ड्रायव्हरदादांना करूनच दाखवतो. म्हणून त्या दिवशी त्यांनाच पाठवा.

स्टार्टिंग स्प्रेबद्दल अगदी कळकळीने सांगतो: हीटर प्लग असलेल्या इंजिनात तो कधीही मारू नका. लाल टोकावर तो वेळेआधी भडकतो, रिंगा आणि पिस्टन फुटतात. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणंही बंद करा. त्यात माणसाचा हात भाजतो.

प्रत्येक गाडीचा दोष हीटरमध्ये असतो असं नाही. म्हणून आम्ही आधी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक प्लगचा करंट मोजतो आणि प्लगच्या पट्टीवर किती व्होल्ट पोचतात ते पाहतो. चारही प्लग नीट ओढत असतील, तर दोष डिझेलच्या लाइनीत शिरलेल्या हवेत, डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमधल्या हवेच्या दाबात) असतो. तसं आम्ही स्पष्ट सांगतो आणि टायमर विकत नाही. तपासणीचे पैसे काम आमच्याकडे केल्यास बिलातून वजा होतात.

गाडी आणताना एक करा. सकाळी अकराला पन्नास किलोमीटर पळवून गरम इंजिन आणलंत, तर सकाळची तक्रार आम्हाला दिसणार कशी? गरम इंजिन प्लग नसतानाही उठतं. आदल्या संध्याकाळी सातच्या आत गाडी लावून जा. गरम असतानाच आम्ही प्लगच्या आट्यांना तेल सोडून ठेवतो. पहाटे गार इंजिनावर मोजमाप होतं, मग इंजिन पुन्हा तापवून प्लग काढतो. गरम हेडमधून ते सुटण्याची शक्यता जास्त असते. चारही प्लग सरळ निघाले तर दुपारी चारपर्यंत गाडी तुमच्या ताब्यात. एखादा अडला तर जोर न करता थांबतो आणि पुढचं काम करण्याआधी तुम्हाला फोन करतो. त्यामुळे त्या दिवशी फोन जवळ ठेवा, आणि कोणी आधी प्लग काढायचा प्रयत्न केला असेल तर गाडी लावतानाच सांगून ठेवा.