ॲसिटिलीनची आम्लता: साका आधी दिसला, संकरण नंतर आलं

पोटॅशियम तयार करण्याच्या खटपटीत एडमंड डेव्हीला १८३६ साली आयर्लंडमध्ये एक काळा पदार्थ मिळाला. त्यावर पाणी पडताच ज्वालाग्राही वायू निघाला. बर्थलोने १८६० मध्ये त्याचं नाव ॲसिटिलीन ठेवलं आणि १८६२ मध्ये व्होलरने तोच वायू कॅल्शियम कार्बाइडपासून काढला. कार्बाइड हा खरं तर ॲसिटिलीनचाच क्षार. पाण्याचा पीकेए (आम्लतेचा आकडा; जितका लहान तितकं आम्ल तीव्र) १५.७, ॲसिटिलीनचा सुमारे २५. म्हणजे दोघांत पाणी जास्त तीव्र आम्ल, म्हणून कार्बाइड त्याच्याकडून प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक, ओढून घेतं.

या वायूची आम्लता डोळ्यांनी दिसते. अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेटमधून तो सोडला की पांढरा साका, म्हणजे न विरघळणारा गाळ, बसतो, क्युप्रस क्लोराइडमधून सोडला की तांबडा. त्याच द्रावणांतून इथेन किंवा एथिलीन सोडलं तर असा साका येत नाही. साका ओला असतानाच विरल नायट्रिक आम्लाने नष्ट करायचा. वाळला की नुसत्या घासण्यानेही त्याचा स्फोट होतो. ॲसिटिलीनसाठी शुद्ध तांब्याची नळी वापरत नाहीत, ती याच कारणाने.

मोजमाप बऱ्याच उशिरा झालं. कोनंट आणि व्हीलंड यांनी १९३२ मध्ये आणि मॅकईवनने १९३६ मध्ये एका हायड्रोकार्बनचा धातुक्षार दुसऱ्या हायड्रोकार्बनमध्ये मिसळून धातू शेवटी कोणाकडे राहतो ते पाहिलं आणि त्यावरून आम्लतेचा क्रम लावला; धातू जास्त तीव्र आम्लाकडे राहतो. पॉलिंगची संकरणाची कल्पना १९३१ची: कार्बनचे एस आणि पी कक्षक (इलेक्ट्रॉनांच्या जागा) मिसळून बंधांसाठी नवे कक्षक बनतात. वॉल्शने १९४७ मध्ये ती कार्बनच्या विद्युतऋणतेशी, म्हणजे इलेक्ट्रॉन ओढण्याच्या क्षमतेशी, जोडली: एस कक्षकातले इलेक्ट्रॉन केंद्रकाजवळ जास्त असतात, म्हणून कक्षकात एसचा वाटा जितका मोठा तितकी प्रोटॉन गेल्यावर मागे उरलेली जोडी स्थिर. इथेनमध्ये हा वाटा २५ टक्के आणि पीकेए सुमारे ५०; एथिलीनमध्ये ३३ टक्के आणि ४४; ॲसिटिलीनमध्ये ५० टक्के आणि २५.

इथे विद्यार्थी हमखास चुकतात. ॲसिटिलीनचा सी-एच बंध कमकुवत असतो म्हणून हायड्रोजन सुटतो, असं लिहितात. प्रत्यक्षात तो तोडायला मोलमागे सुमारे ५५६ किलोज्यूल लागतात, इथेनला ४२१च्या आसपास. पण त्या आकड्यात दोन्ही तुकड्यांना एकेक इलेक्ट्रॉन मिळतो. आम्लतेत प्रोटॉन एकटा जातो आणि जोडी कार्बनकडेच राहते.

पीकेएच्या आकड्यांवरूनच प्रयोगशाळेत बेस, म्हणजे प्रोटॉन ओढून घेणारा पदार्थ, निवडतात. पाण्यातल्या सोडियम हायड्रॉक्साइडने ॲसिटिलाइड (प्रोटॉन गेल्यावर ॲसिटिलीनचा उरलेला आयन) नगण्यच बनतं. अमोनियाचा पीकेए ३८, म्हणून उणे ३३ अंशांच्या द्रव अमोनियात सोडामाइड, म्हणजे अमोनियाचा सोडियम क्षार, हे काम पूर्ण करतो. भांडं ओलसर असेल तर मात्र सोडामाइड पाण्यावरच खर्ची पडतो. पुढे ॲसिटिलाइडला कार्बनची साखळी जोडायला प्राथमिक हॅलाइडच (ज्यात हॅलोजन साखळीच्या टोकाच्या कार्बनवर असतो) घ्यावं; द्वितीयक घेतलं तर साखळी वाढण्याऐवजी मुख्यतः अल्कीन (दुहेरी बंधाचं हायड्रोकार्बन) हाती येतं.

सायक्लोप्रोपेनही या चौकटीत बसतो: वलयाच्या ताणामुळे सी-एच बंधात एसचा वाटा वाढतो आणि पीकेए ४६ पर्यंत येतो. सायक्लोपेंटाडाइन मात्र बसत नाही. त्याचा हायड्रोजन एसपी३ कार्बनवरचा, म्हणजे इथेनसारखा एसचा वाटा २५ टक्केच, तरी पीकेए १६! थीलेने १९०१ मध्येच त्याचा पोटॅशियम क्षार केला होता. तिथे जोडी एका कक्षकात अडकून न राहता पाचही कार्बनांवर पसरते आणि आयन ॲरोमॅटिक, म्हणजे विशेष स्थिर वलय, होतो.