घरातील गॅसचा दाब : तो कसा तपासला जातो आणि कोठे हात लावू नये

शेगडीची ज्योत मंद झाली किंवा गीझरचे पाणी पुरेसे तापेनासे झाले की गॅसचा दाब वाढवून देण्याची मागणी आमच्याकडे नेहमी होते. ही मागणी आम्ही मान्य करीत नाही. घरगुती गॅसचा दाब हा ठरलेला असतो आणि तो बदलण्याचा अधिकार ग्राहकाला नाही, तसा आम्हालाही नाही; शिवाय, ज्याला दाबाची तक्रार समजले जाते तिचे मूळ बहुतेक वेळा दुसरीकडेच सापडते. ते कोठे शोधावे, आमचा कारागीर घरी आल्यावर नेमके काय तपासतो आणि ग्राहकांनी स्वतः काय करू नये, याची माहिती या पत्रकात दिली आहे.

14.2 किलोच्या घरगुती सिलिंडरमध्ये एलपीजी द्रवरूपात असतो आणि त्यावरील वायूचा दाब हवामानानुसार दर चौरस सेंटिमीटरला साधारण 4 ते 8 किलो इतका असतो. रेग्युलेटर हा दाब उतरवून अवघ्या 30 ग्रॅमवर आणतो. पाइपने येणाऱ्या गॅसचा, म्हणजे पीएनजीचा, दाब टप्प्याटप्प्याने उतरतो : रस्त्याखालील नळीत तो 4 बारच्या आसपास असतो (1 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो, आणि 1 मिलिबार म्हणजे सुमारे 1 ग्रॅम), इमारतीपाशी 100 मिलिबारवर येतो आणि मीटरजवळच्या रेग्युलेटरनंतर 21 मिलिबार उरतो. शेगडीचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक छिद्राची पितळी तोंडे, याच दाबांचा हिशेब धरून पाडलेले असतात. पीएनजीचा दाब कमी आणि तेवढ्याच आकारमानातील त्याची उष्णताही एलपीजीपेक्षा बरीच कमी असल्यामुळे पीएनजीच्या जेटचे छिद्र मोठे असते. एलपीजीची शेगडी जेट न बदलता पीएनजीवर लावली तर ज्योत मरगळलेली राहते, आणि त्यात दाबाचा काही दोष नसतो. याच्या उलट केले, म्हणजे पीएनजीचे जेट असलेली शेगडी सिलिंडरला जोडली, तर ज्योत मोठी, पिवळी आणि काजळी धरणारी होते. हा प्रकार निश्चितच धोकादायक आहे. गाव किंवा घर बदलताना शेगडी सोबत नेणाऱ्या कुटुंबांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

दाबाची तपासणी

दर चौरस सेंटिमीटरला 30 ग्रॅम म्हणजे 30 सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका दाब. त्यामुळे तो मोजण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज लागत नाही. यू आकाराच्या पारदर्शक नळीत पाणी भरून तिचे एक टोक गॅसला जोडले की दोन बाजूंच्या पातळीतील फरक थेट वाचता येतो. पीएनजीसाठी हाच फरक साधारण 21 सेंटिमीटर यायला हवा. साधन सोपे असले तरी ते जोडण्यासाठी गॅसचा मार्ग सोडवावा लागतो, आणि म्हणूनच हे काम ग्राहकांनी घरी करू नये.

कारागीर प्रथम सर्व बर्नर बंद ठेवून दाब वाचतो आणि नंतर बर्नर पूर्ण पेटवून पुन्हा वाचतो. पेटलेल्या स्थितीत आकडा थोडा खाली येणे स्वाभाविक आहे. तो फारच घसरत असेल तर नळी मुडपलेली असणे, वाटेत अडथळा असणे किंवा सिलिंडर संपत आलेला असणे ही कारणे पाहिली जातात. बर्नर बंद असताना आकडा एका जागी न थांबता हळूहळू चढत राहिला, तर रेग्युलेटर गॅस पूर्णपणे अडवू शकत नाही असा त्याचा अर्थ होतो. असा रेग्युलेटर दुरुस्त करता येत नाही. तो सुरक्षा ठेवीवर दिलेला असतो आणि वितरकाकडूनच बदलून घ्यावा लागतो. यानंतर गॅस मागून बंद करून पाण्याची पातळी काही मिनिटे पाहिली जाते. ती उतरली तर कोठेतरी गळती आहे, आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावून ती जागा शोधली जाते. काडी पेटवून गळती शोधण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती कोणी आपल्या घरात करू पाहत असेल, तर त्याला तेथेच थांबवावे.

घरगुती रेग्युलेटरवरील कळ फक्त गॅस चालू किंवा बंद करते. दाब कमी-जास्त करता येणारे रेग्युलेटर बाजारात मिळतात, परंतु ते भट्टीच्या बर्नरसाठी असतात, आणि घरच्या शेगडीला ते लावल्यास रबरी नळी, शेगडीचे कॉक आणि सांधे यांच्यावर त्यांच्या क्षमतेबाहेरचा ताण येतो.

मंद ज्योतीची खरी कारणे

सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे जेटमध्ये किंवा बर्नरच्या छिद्रांत साचलेली घाण. उतू गेलेले दूध, तेलाचा थर, मिश्रण नळीत शिरलेले झुरळ किंवा कोळ्याचे जाळे यांमुळे हवा कमी पडते आणि ज्योत पिवळी होते. (मिठाचे पाणी उतू गेल्यावर काही क्षण दिसणारा नारिंगी रंग वेगळा, त्याची काळजी करू नये.) जेट सुईने किंवा सेफ्टी पिनने कोरू नये, कारण जेटचे पितळ मऊ असते आणि छिद्राचा व्यास एक दशांशाने वाढला तरी गॅस सुमारे 21 टक्के जास्त येतो. ज्योत बर्नरपासून सुटून आवाज करीत असेल, किंवा फट् असा आवाज होऊन आत पेटत असेल, तर शेगडी बंद करून आम्हाला कळवावे.

सिलिंडर संपत आल्यावर तो आडवा करणे किंवा गरम पाण्यात ठेवणे हे दोन्ही उपाय घातक आहेत. आडव्या सिलिंडरमधून द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरू शकतो, आणि गरम पाण्याने आतील दाब किती वाढेल यावर आपले नियंत्रण राहत नाही.

गीझरच्या बाबतीत अनेकदा दोष गॅसचा नसून पाण्याचा असतो. हा गीझर पाण्याच्या दाबाने चालू होतो, त्यामुळे टाकीतील पाणी खाली गेले असेल किंवा जाळीत कचरा अडकला असेल तर तो पेटतच नाही. ठिणगी देणारे सेल उतरले असले तरी तेच होते. या दोन गोष्टी ग्राहकांनी आम्हाला बोलावण्यापूर्वी स्वतः पाहाव्यात, म्हणजे भेटीचे शुल्क वाचेल. मात्र गॅस गीझर बंद स्नानगृहात बसवलेला असल्यास तो तेथून हलवून हवेशीर जागी बाहेर बसवण्याचा आग्रह आम्ही धरतो आणि तोपर्यंत त्याची इतर कोणतीही दुरुस्ती करीत नाही. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसपासून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे आत असलेल्या माणसाला सावध होण्याची संधी मिळत नाही.

गॅसचा वास आल्यास सर्व कॉक आणि रेग्युलेटर बंद करावेत, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण, एक्झॉस्ट पंख्याचेसुद्धा, चालू किंवा बंद करू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, तर पीएनजी हलका असल्यामुळे वर छताकडे जातो. घराबाहेर आल्यावर एलपीजीसाठी 1906 या क्रमांकावर कळवावे. पीएनजी असल्यास मीटरजवळचा कॉक बंद करून बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा. अशा वेळी आमच्या फोनची वाट पाहू नये.

रबरी नळीवर छापलेली मुदत वर्षातून एकदा तरी वाचावी. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, मग ती दिसायला कितीही चांगली असो. प्रत्येक भेटीनंतर आमचा कारागीर बर्नर बंद असतानाचा आणि चालू असतानाचा दाब, गळती चाचणीचा निकाल आणि नळीची मुदत पावतीवर लिहून देतो. ही नोंद केलेली नसेल तर पावतीवर सही करू नये.